चित्रकथा, तबकडी आणि वाचून दाखविणारा आवाज

बालपणाची आठवण नुसती हवेत राहत नाही. तिला टेकावयास काही तरी वस्तू लागते. कोणास भोवरा आठवतो, कोणास शिमग्याचे सोंग, तर कोणास आजीच्या फडताळातील गुळाचा खडा. आम्हांस दोन वस्तू आठवतात. एक, वेताळाच्या पराक्रमांची पातळ रंगीत चित्रकथा. व दुसरी, ग्रामोफोनवर लावावयाची काळी गोल तबकडी. या दोहोंपैकी आज आमच्यापाशी एकच उरली आहे, आणि जी उरली नाही तिच्यापेक्षाही मोठे असे काही तिच्याबरोबर गेले, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

या वस्तूंविषयी लिहावे असे पुष्कळ दिवसांपासून मनात होते. परंतु 'ते दिवस गेले' असा उसासा टाकल्याने कोणाचेच हित होत नाही. हुरहुर वाटते ती नेमकी कशाची, हे शोधून काढता आले तरच तिचा काही उपयोग. म्हणून या दोन वस्तू काय होत्या, त्या कशा घडत, त्यांची जोडी इतरत्र कशी जमली व आमच्या घरी कशी जमली, याचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. आमचे गाव व आमच्या घरातील संग्रह

आमचे नागोठणे हे रोहे तालुक्यातील गाव अंबा नदीच्या काठी वसले आहे. पूर्वी भरतीच्या पाण्याबरोबर व्यापारी गलबते येथवर येत. नदीवर जो जुना दगडी पूल आहे, तो चौलच्या काजी अलाउद्दीन यांनी १५८० च्या सुमारास बांधविला, असे जुने गॅझेटिअर सांगते. आमचे बालपण १९७० नंतरच्या दशकात गेले. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते; रायगड हे नाव त्यास १९८१ साली मिळाले. रोह्यापर्यंत आगगाडी १९८६ साली आली. तोवर मुंबईशी आमचा संबंध मुंबई-गोवे रस्त्याने धावणाऱ्या एस.टी.च्या गाडीनेच राहिला होता.

आमचे एक चुलते लालबागेतील एका गिरणीत कामास होते. गणपतीस व शिमग्यास ते गावी येत, तेव्हा त्यांच्या पिशवीत घरच्या मंडळींसाठी कापड, खाऊ वगैरे असेच. पण तळाशी सुतळीने बांधलेला जुन्या चित्रकथांचा एक गठ्ठाही असे. रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेले ते अंक. कोणाचे मुखपृष्ठ गेलेले, कोणाचे मधले पान फाटलेले, तर कोणाच्या समासात पूर्वीच्या मालकाने शाईने आपले नाव घातलेले. आम्हां भावंडांस त्याचे काहीच वाटत नसे. गठ्ठा सुटला की चुलत्यांच्या पायांवर डोके ठेवण्याचेही भान राहत नसे व त्याबद्दल बोलणी बसत.

दुसरी वस्तू आजोबांची. त्यांनी तरुणपणी हौसेने एक चावीचा ग्रामोफोन घेतला होता. त्याच्या जोडीस वीसपंचवीस तबकड्या होत्या: काही नाटकांतील पदांच्या, काही भजनांच्या, आणि मागाहून घेतलेल्या दोनचार मुलांच्या गाण्यांच्या. ती पेटी उघडण्याचा अधिकार आजोबांचा. चावी देण्याचा मात्र पाळीपाळीने आमचा. चावी संपत आली की गाणाऱ्या बाईंचा आवाज हळूहळू जाडा होत जाई व एखाद्या पुरुषाने रडगाणे गावे तसा तो ऐकू येई. आम्ही हसून लोळत असू, आणि आजोबा कपाळास आठ्या घालीत.

२. वेताळ

ज्या नायकास आम्ही वेताळ म्हणून ओळखत होतो, तो मूळचा आपल्याकडचा नव्हे. ली फॉक या अमेरिकन लेखकाने 'फँटम' नावाची चित्रमाला १७ फेब्रुवारी १९३६ पासून वर्तमानपत्रांत सुरू केली. अंगास घट्ट बसणारा वेष व डोळ्यांवर मुखवटा धारण करणारा हा वीर सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधीचा. कारण सुपरमॅन १९३८ च्या जून महिन्याच्या अंकातून प्रथम वाचकांपुढे आला. याच फॉक महाशयांनी त्याआधी १९३४ साली जादूगार मांड्रेक निर्माण केला होता.

आपल्या देशात बेनेट, कोलमन आणि कंपनी या टाइम्सच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स ही माला काढली. ती इंग्रजीप्रमाणे हिंदी, मराठी इत्यादी देशी भाषांतही निघे आणि १९९० पर्यंत चालली. फँटमच्या कल्पित देशाचे मूळ नाव बंगालशी जुळते होते. तो घोटाळा टळावा म्हणून येथील आवृत्तीत त्यास 'डेंकाली' असे नवे नाव देण्यात आले. मराठीत नायकाचे नावही बदलले, व तो वेताळ झाला.

हे नाव ज्याने योजिले, त्याने कोकणातील मुलांवर मोठाच उपकार केला. कारण वेताळ आम्हांस परका नव्हता. कोकणात गावोगाव वेताळाचे ठाणे आढळते. तो भुताखेतांचा अधिपती खरा, पण गावाचा राखणदारही तोच. रात्री मशाली घेऊन तो आपल्या लवाजम्यासह शिवेवरून फिरतो, असा समज आजही ऐकू येतो. चित्रकथेतील वेताळाची हकीकतही काहीशी अशीच. त्याच्या पहिल्या पूर्वजाने १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचल्यावर दुष्टांचा नाश करण्याची शपथ घेतली. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच वेष चढवितो, आणि लोकांस वाटते की हा एकच अमर पुरुष आहे. आमच्या कथांतील वेताळ हा त्या वंशातील एकविसावा. कवटीच्या आकाराच्या गुहेत त्याचे वास्तव्य. पांढरा घोडा व इमानी लांडगा हे त्याचे सोबती. आणि त्याच्या ठोशाने गुन्हेगाराच्या हनुवटीवर उमटणारी कवटीची खूण जन्मात पुसली जात नसे.

येथे एक दोषही सांगितला पाहिजे. या कथांत रानात राहणारे लोक बहुधा भयभीत, भोळे व असहाय दाखविलेले असत, आणि त्यांचे रक्षण करावयास एक गोरा पुरुष येई. बालवयात हे आमच्या ध्यानात आले नाही; आज आल्यावाचून राहत नाही. जे आपल्याला आवडले ते निर्दोषच होते, असा हट्ट धरणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे. पुढे १९७६ साली याच मालेत आबिद सुरती यांनी रचलेला 'बहादूर' हा देशी नायक आला. तो गावकऱ्यांस एकत्र करून दरोडेखोरांशी लढे. हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

३. चित्रकथा कशी वाचली जाते

मुलांसाठी सचित्र वाचन ही गोष्ट महाराष्ट्रास नवीन नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचे 'बालबोधमेवा' हे मासिक १८७२ पासून निघू लागले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' सुरू केले. 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत येऊ लागला. परंतु या मासिकांत चित्र हे मजकुराच्या सोबतीस असे. चित्रकथेत ते स्वतःच बोलते.

चित्रकथेचे पान चौकटींत विभागलेले असते. एका चौकटीत वेताळाने मूठ उगारलेली आहे. दुसरीत चाचा जमिनीवर पडलेला आहे. ठोसा प्रत्यक्ष बसला कधी? तो कोणत्याच चौकटीत नाही. दोन चौकटींमध्ये बोटभरही नसलेली जी पांढरी पट्टी असते, तिच्यात तो बसला; आणि तो तेथे वाचकाने बसविला. चित्रकाराने काढले ते अर्धे, उरलेले अर्धे वाचकाच्या मनाने पुरे केले. बोललेले शब्द फुग्यात लिहिलेले असतात, पण आवाज त्यात नसतो. तोही वाचकानेच आणावयाचा. म्हणून चित्रकथा ही दिसावयास भरगच्च असली, तरी कानाच्या बाजूने ती रिकामी असते.

४. तबकडी कशी बोलते

तबकडीची गोष्ट याच्या नेमकी उलट. एमिल बर्लिनर या संशोधकाने १८८७ साली सपाट तबकडीवर ध्वनी मुद्रित करण्याची रीत शोधून काढली. तबकडीवर बाहेरून आत जाणारी एक अखंड बारीक खाच असते. मुद्रणाच्या वेळी आवाजाच्या कंपनांनी ही खाच नागमोडी होते. तबकडी फिरू लागली म्हणजे सुई त्या नागमोडी वाटेने जाते व थरथरते; ती थरथर एका पातळ पडद्यास पोहोचते; पडदा हवेस हलवितो आणि कर्ण्यातून आवाज बाहेर पडतो. विजेचा यात काहीच संबंध नसल्यामुळे आमच्या आजोबांची पेटी दिवे गेलेल्या रात्रीही तितक्याच उत्साहाने गात असे.

जुन्या तबकड्या लाखेपासून करीत. पळस, बोर, कुसुंब या झाडांवर राहणारे किडे लाख तयार करतात, आणि छोटा नागपूरच्या मुलखातून ती जगभर जात असे. कलकत्त्यात १९०८ साली तबकड्यांचा कारखाना निघाला. नेहमीच्या दहा इंची तबकडीच्या मिनिटास ७८ फेऱ्या होत व एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचा मजकूर मावे. याचा अर्थ, गायकाने काय सांगावयाचे ते तीन मिनिटांत सांगावे लागे.

तीन मिनिटांत किती मोठी गोष्ट मावते, याचे उदाहरण आमच्याच संग्रहात होते. हॅन्स अँडरसन या डॅनिश लेखकाने १८४३ साली बदकांच्या कुरूप पिलाची कथा प्रसिद्ध केली. तिच्यावर ग. दि. माडगूळकरांनी गीत लिहिले, श्रीनिवास खळे यांनी त्यास चाल दिली व आशा भोसले यांनी ते गायिले; त्याची तबकडी १९५२ च्या सुमारास निघाली. सर्वांनी हिणविलेले ते पिलू अखेर राजहंस ठरते, तेथे तबकडी संपे. सुई आतल्या कोऱ्या खाचेत खरखर करीत फिरत राही, आणि ती उचलण्यास कोणी उठत नसे. आम्हांस ते तळे दिसत असे. चित्र एकही नव्हते. म्हणजे तबकडी ही डोळ्यांच्या बाजूने रिकामी, आणि तीही बाजू ऐकणाऱ्याने भरावयाची.

५. या दोहोंची जोडी

एक वस्तू कानाच्या बाजूने अपुरी, दुसरी डोळ्यांच्या बाजूने. मग दोहोंस एकत्र का बांधू नये, असा विचार अमेरिकेतील व्यापाऱ्यांस सुचला. १९४६ साली कॅपिटॉल कंपनीने बोझो नावाच्या विदूषकाचा एक संच काढला. त्यात तबकड्याही होत्या व चित्रांचे पुस्तकही. बोझोने शिटी वाजविली की मुलाने पान उलटावयाचे. डिस्ने कंपनीच्या संचांत या खुणेसाठी घंटी किणकिणत असे. पुढे १९७० नंतरच्या दशकात पीटर पॅन या कंपनीने 'पॉवर रेकॉर्ड्‌स' या नावाने सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन इत्यादी वीरांच्या चित्रकथा मिनिटास ४५ फेऱ्यांच्या लहान तबकडीसह विकावयास काढल्या. नट मंडळी पात्रांची भाषणे म्हणत, मागे वाद्ये वाजत, दारे आपटत, मोटारी धावत. आणि मूल पुस्तकात बोट ठेवून ऐकता ऐकता वाची. त्या काळी अमेरिकेत वाढलेली पुष्कळ माणसे आज वृद्धत्वाकडे झुकली असता हे संच शोधीत असतात व मिळाल्यास जिवापाड जपतात.

आमच्या नागोठण्यात असला संच कोणी पाहिलाही नव्हता. परंतु चित्र व आवाज यांचा संयोग अमेरिकेने प्रथम केला, असे मात्र समजू नये. आमच्याच गावावरून जाणारा रस्ता धरून दक्षिणेकडे गेले असता सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळाजवळ पिंगुळी हे गाव लागते. तेथील ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा फार जुनी आहे. एका कथेची कागदावर रंगविलेली सर्व चित्रे मिळून एक पोथी होते. गाणारा एकेक चित्र प्रेक्षकांपुढे मांडतो आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगतो. प्रसंग संपला की ते चित्र मागे जाते व दुसरे पुढे येते. ही कला टिकविण्यासाठी आयुष्य वेचणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री देण्यात आली.

पिंगुळीची पोथी आणि अमेरिकेतील संच यांत एक भेद मात्र आहे, आणि आमच्या लेखाचे सारे मर्म त्यात आहे. तबकडी शंभर वेळा लावली तरी शंभरही वेळा तेच बोलते. चित्रकथी समोरच्या मंडळींकडे पाहून बोलतो. मूल भ्याले तर तो आवाज खाली आणील; सभा पेंगू लागली तर चढवील. तबकडीस ऐकणारा दिसत नाही, माणसास दिसतो.

६. आमची तबकडी: माई

आमच्या घरी चित्रकथेस आवाज देण्याचे काम आमच्या आत्याकडे होते. तिला सारे माई म्हणत. लहान वयात वैधव्य आल्याने ती माहेरीच राहत असे. शाळा तिची चौथीपर्यंत झालेली; पण अक्षरओळख पक्की होती, आणि छापलेले काही हाती आले की ते मोठ्याने वाचावयाचे, ही तिची रीत होती. मनातल्या मनात वाचणे तिला ठाऊकच नव्हते. पोथी असो, पंचांग असो, पुडीचा कागद असो, तिच्या लेखी वाचणे म्हणजे ऐकविणे.

रात्रीची जेवणे आटोपली की ती ओटीवर कंदिलाजवळ बसे व आम्ही तिच्याभोवती दाटी करीत असू. पुस्तक पाटावर उघडे. माई चित्रावर बोट ठेवी व वाचू लागे. वेताळाचा आवाज खर्जातला, चाच्यांचा नाकातला, राजकन्या बोलू लागली की आमच्या शेजारच्या काकूंची हुबेहूब नक्कल. घोड्याच्या टापा ती जिभेने काढी. बंदुकीच्या बाराकरिता पाटावर अशी थाप मारी की पाळण्यातले मूल जागे होई व आतून आजीचा आवाज येई.

पान संपले म्हणजे माई थांबे. शेजारी पानाचे तबक असे. ती सुपारी अडकित्त्यात धरी, आमच्या सर्वांच्या तोंडांकडे एकवार पाही, आणि मग कट्ट असा आवाज करून सुपारी फोडी. तो आवाज झाला की पान उलटावयाचे, त्यापूर्वी नाही. कोणी घाई करून पानास हात घातला, तर ती पुस्तकच मिटून ठेवी. बोझोच्या शिटीविषयी आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचले, तेव्हा प्रथम आठवला तो हा अडकित्ता.

७. पूर

जुलै १९८९ मध्ये अंबा नदीस महापूर आला. वरच्या अंगास जांभूळपाड्यात फार मोठी प्राणहानी झाली. जेथे माणसे गेली, तेथे कागदांचे दुःख सांगणे शोभत नाही, हे आम्ही जाणतो. आमच्या घरची माणसे वाचली, हीच देवाची कृपा. परंतु झाले ते सांगणे प्राप्त आहे. घरात पाणी शिरले. चित्रकथा ज्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या, ती खाटेखाली होती. पाणी उतरल्यावर ती उघडली तेव्हा आत एक करडा, चिखलाळ लगदा होता. पाने एकमेकांस चिकटून त्यांची वीट झाली होती. एका कडेस थोडा जांभळा रंग दिसत होता, एवढीच वेताळाची खूण.

तबकड्यांची पाकिटे गेली. त्यांवरील मधले कागदही सुटले. पण तबकड्या शाबूत राहिल्या. माईने व आम्ही त्या विहिरीच्या पाण्याने एकेक धुतल्या, मऊ फडक्याने टिपल्या आणि सावलीत उभ्या करून वाळविल्या. कारण उन्हात ठेवल्या तर लाखेची तबकडी वाकते. पेटीची स्प्रिंग गंजली होती. ती पुढे दुरुस्त करून घेतली. नावे गेल्यामुळे कोणती तबकडी कशाची, हे लावून पाहिल्याशिवाय कळेना. त्या पहिल्या दिवशी एकेक सुई टेकविताना जी उत्सुकता वाटली, ती नव्या तबकडीच्या वेळीही कधी वाटली नव्हती. चौथ्या की पाचव्या तबकडीतून बदकांचे तळे निघाले, तेव्हा माईने डोळ्यांस पदर लावला.

पुराच्या चौथ्या वर्षी माई निवर्तली.

त्यानंतर बऱ्याच काळाने मुंबईस फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर, जुन्या पुस्तकांच्या राशीत, आम्हांस वेताळाचा एक अंक सापडला. मुखपृष्ठ पाहताच ओळख पटली. हा आमच्या ट्रंकेतलाच. चाच्यांच्या जहाजाची ती गोष्ट माईने आम्हांस किती वेळा वाचून दाखविली असेल, याची गणती नाही. मोठ्या आनंदाने आम्ही तो घेतला व परतताना एस.टी.त बसून वाचला. पेण येण्यापूर्वीच तो संपला. आणि मनास चमत्कारिक रितेपणा वाटला; कारण आम्हांस जी गोष्ट पाठ होती, ती त्यात नव्हती.

आमच्या आठवणीतील वेताळ लढाई संपवून गुहेत शिरण्याआधी हातपाय धुई. मग तो पूर्वजांपुढे पणती लावी, आणि पहिल्यापासून विसाव्यापर्यंत एकेकास नमस्कार करी. ते वीस नमस्कार आम्ही मुले मोठ्याने मोजीत असू. आमच्यातील धाकटा भाऊ त्यावरच वीसपर्यंत आकडे शिकला. पुस्तकात पणती नाही, नमस्कारही नाहीत. आमच्या आठवणीत रानातील एक म्हातारी होती. चाचे कोठे लपले आहेत, हे तिलाच ठाऊक असे. ती पुढे होऊन वाट दाखवी व वेताळ तिच्या मागून जाई. पुस्तकात ती म्हातारी नाही. एका चौकटीच्या कोपऱ्यात गर्दीतील एक लहानशी आकृती आहे, डोक्यावर भारा घेतलेली. तिच्या तोंडी एक शब्दही दिलेला नाही. माईने तिला बोलते केले होते.

वर आम्ही या कथांचा जो दोष सांगितला, की रानातील लोक त्यांत असहाय दिसतात, तो दोष चौथी शिकलेल्या आमच्या आत्याने काही न बोलता दूर केला होता. तिने तो ओळखला होता, की केवळ गोष्ट आपल्या ओळखीची व्हावी म्हणून तिने हे केले, हे आता विचारावयास ती नाही. एवढे मात्र खरे, की ती आवृत्ती कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. जुने अंक शोधून शोधून सारा संच पुरा केला तरी त्यात ती असणार नाही. ट्रंकेत भिजले ते कागद इतरत्र मिळतात. जो आवाज गेला, त्याची तबकडी कधी निघालीच नव्हती.

आमच्या कपाटात आज ज्या तबकड्या आहेत, त्यांत थोर गायकांचे आवाज आहेत. त्यांचे मोल आम्ही जाणतो. परंतु ते आवाज साऱ्या महाराष्ट्राने जपले असते. आमच्यावाचून त्यांचे काही अडले नसते. माईचा आवाज जपण्याचे काम फक्त आमचे होते, आणि ते आम्ही केले नाही. ग्रामोफोन घरात होता म्हणून आवाज टिकविण्याची गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती, असेही म्हणता येत नाही. १९८९ च्या आधीच टेपरेकॉर्डर गावात आले होते. लग्नातील गाणी आम्ही त्यावर भरून घेतली होती. घरातील रोजचा आवाज भरून घ्यावा, हे सुचले नाही. कारण रोजची वस्तू जाईल असे कोणास वाटत नाही.

८. बोध

विद्यार्थिमित्रहो, या साऱ्यातून आम्हांस जे शिकावयास मिळाले, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, हुरहुर वाटते ती वस्तूची नसून संगतीची असते. अमेरिकेतील एखादा गृहस्थ जुना संच मिळवितो, तेव्हा तो तबकडीत आपली खोली, आपला भाऊ, आपली संध्याकाळ शोधीत असतो. आम्ही वेताळाच्या अंकात ओटीवरचा कंदील शोधीत होतो. वस्तू जपाव्यात, पण त्या जपल्या म्हणजे सारे जपले, अशा भ्रमात राहू नये.

दुसरी गोष्ट, तुम्हांस वाचता येते, तर वाचून दाखवा. घरात लहान भावंड असेल, डोळ्यांनी अधू झालेले आजोबा असतील, किंवा ज्यांस शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही अशी शेजारची आजी असेल. दिवसातून पंधरा मिनिटे त्यांच्यापाशी बसून मोठ्याने वाचा. वाचताना ऐकणाऱ्याच्या मुखाकडे पाहा, आणि तो जेथे थांबेल तेथे तुम्हीही थांबा. मुक्याने वाचलेले पुस्तक एकट्याचे होते. मोठ्याने वाचलेले घरादाराचे होते.

तिसरी गोष्ट, आवाज टिपून ठेवा. ज्या कामासाठी एके काळी कलकत्त्याचा कारखाना लागे, ते काम आज घरोघरच्या मोबाइलने होते. या सुटीत आपल्या घरातील सर्वांत वडील माणसाकडे जा, त्यांची परवानगी घ्या, आणि त्यांस एक गोष्ट सांगावयास लावा. गोष्ट कोणती, हे महत्त्वाचे नाही. त्यांनी तिच्यात आपले काय घातले, हे महत्त्वाचे. मग त्यावर सांगणाऱ्याचे नाव, गाव व तारीख यांची नोंद करा, व एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. पाकीट हरवलेली तबकडी ओळखणे किती कठीण जाते, हे आम्ही अनुभवले आहे. आणि सारी पुस्तके एकाच ट्रंकेत ठेवण्याचा परिणामही.

माईचा अडकित्ता पुरातून वाचला. तो लोखंडी असल्यामुळे नुसता गंजला होता. राख व तेल लावून घासल्यावर पुन्हा चालू झाला. आता घरातील लहान मुलांस आम्ही फाउंटनवरचा तो अंक वाचून दाखवितो, तेव्हा तो शेजारी ठेवतो. सुपारी आम्ही खात नाही, नुसताच वाजवितो. म्हातारीचा प्रसंग आला की ती वाट दाखविते, आणि शेवटी वेताळ पणती लावतो. वीस नमस्कार मुले मोजतात. आमच्या आवाजात माईच्या आवाजाची सर नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. मुलांस ठाऊक नाही, आणि त्यांचे त्यावाचून काही अडतही नाही.

अस्तु. ज्यांच्या घरी असा आवाज आज आहे, त्यांनी हा लेख येथेच मिटावा व आधी तो आवाज ऐकावयास जावे, एवढीच आमची विनंती आहे.